गाळलेलं पाणी आणि काचेची पेटी

"ताई, ठेवायला एकदम सोपा आहे. आठवड्यातून एकदा पाणी बदललं की झालं."

फिश टँक विकणारा कुठलाही दुकानदार घ्या, हे वाक्य त्याच्या तोंडात तयार असतं. गंमत अशी की पैसे भाऊसाहेब मोजत असतात आणि वाक्य मात्र बाईकडे पाहून म्हटलं जातं. दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं, हे पाणी कोण बदलणार आहे.

आमचं बोरगाव नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं, सौंसर तालुक्यातलं. जिल्हा २०२३ पासून पांढुर्णा. कारखाने आले तशी पगारदार घरं आली, घरांत बैठकीच्या खोल्या आल्या आणि त्या खोल्यांत सोफ्याच्या बाजूला निळ्या दिव्याची काचेची पेटी आली. मासा खाणाऱ्यांच्या घरी आली त्याचं मला काही म्हणायचं नाही. पण आपल्या घरांतही आली. ज्या घरात अळूच्या पानावरची अळी काडीनं उचलून बाहेर नेऊन सोडतात, त्या घरात. वास्तुशांतीला कोणी भेट दिली, कोणाला वास्तुवाल्यानं सांगितलं, कोणाच्या लेकरानं हट्ट धरला. आणि आता दर रविवारी त्या घरची बाई दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पेटीत घालून उभी असते. मग ती मोबाईलवर, शेजारीपाजारी, मंदिरातून परतताना विचारत सुटते : काही सोपी युक्ती सांगा ना बाई, हे काम कमी कसं होईल?

तिला मिळणाऱ्या युक्त्यांबद्दल मला भांडायचं आहे. तिच्याशी नाही. कामाला सोपा मार्ग शोधणं हा बाईचा हक्क आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या माणसानं युक्ती शोधायची नाही तर कोणी शोधायची? पण युक्ती दोन जातीची असते. एकीत काम खरोखर कमी होतं. दुसरीत काम तेवढंच राहतं, फक्त त्याची किंमत बाईऐवजी मासा भरतो. आणि मासा ओरडत नाही, म्हणून ती युक्ती फार लोकप्रिय होते.

आधी त्या सर्वांत मोठ्या युक्तीबद्दल बोलते, कारण तिच्यामुळे बाकी सगळ्यांवर पांघरूण पडतं. मासा मेला की आमच्याकडे काय म्हणतात? "मासा मेला तं घरावरची पीडा घेऊन गेला म्हणतेत, भाभी. चांगलंच झालं." आठ सोनेरी मासे आणि एक काळा ठेवायचा, काळा मासा घराची नजर आपल्यावर घेतो, तो मेला की दुसरा काळा आणायचा. ही चीनची फेंगशुई आमच्या गावात वास्तुशास्त्राचं धोतर नेसून आली आणि कोणी तिला गोत्र विचारलं नाही.

बहिणींनो, इतरांनी हे मानलं तर त्यांचं ते जाणोत. आपण कसं मानतो? ज्याचं कर्म त्यानंच भोगायचं, बाप लेकाचं घेऊ शकत नाही, लेक आईचं घेऊ शकत नाही, देवसुद्धा कोणाचं ओझं उतरवून नेत नाही, हे आपण पाठशाळेत बालबोधाच्या वयात शिकलो. तीर्थंकर वाट दाखवतात, उचलून नेत नाहीत. आणि इथे दीडशे रुपयांचा गोल्डफिश तुमच्या नवऱ्याच्या धंद्यातलं संकट घेऊन जातो? इतकं स्वस्त झालं कर्म? ज्या बाईला हे सांगितलं जातं तिच्या मनातला खरा प्रश्न, म्हणजे मासा का मेला, हा त्या वाक्यानं तिथेच मिटवला जातो. पीडा घेऊन गेला म्हटलं की कोणी बादलीकडे पाहत नाही.

मी सांगते तो का मेला. बहुतेक वेळा तो आदल्या रविवारी मेलेला असतो, आपल्याला मंगळवारी दिसतो.

मासा श्वास घेतो तेव्हाच त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरत असतो. उरलेला दाणा कुजतो, विष्ठा कुजते, त्याचाही अमोनिया होतो. नदीत तो वाहून जातो. पेटीत तो कुठे जाणार? तर निसर्गानं त्याची सोय केली आहे. दगडांवर, वाळूत, फिल्टरच्या स्पंजात सूक्ष्म जीव वस्ती करतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिली दोन्ही माशाला विषारी, तिसरं बरंच सौम्य, वनस्पतींचं तर ते खतच. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपण दर रविवारी काय करतो? मासे मगमध्ये काढतो, सगळं पाणी मोरीत ओततो, वाळू नळाखाली खळाखळा धुतो, स्पंज साबणानं घासून कोरा करकरीत करतो, काच चमकवतो, नळाचं ताजं पाणी भरतो. पेटी आरशासारखी दिसते. तिच्यातली ती वस्ती पूर्ण बुडवलेली असते. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडरचा क्लोरीन असतो, तो माशाचे कल्ले जाळतो. पुढच्या दोन दिवसांत अमोनिया चढतो. आमच्यासारख्या ठिकाणी जास्तच, कारण बोअरचं पाणी बहुतेक जड आणि अल्कलीकडे झुकणारं, त्यात उन्हाळा. पाणी जितकं अल्कली आणि जितकं गरम तितका तोच अमोनिया अधिक विषारी. मंगळवारी मासा उलटा तरंगतो. आणि भाभी म्हणते, पीडा घेऊन गेला.

म्हणजे "आठवड्यातून एकदा सगळं पाणी बदला" ही सोपी युक्ती नाहीच. ती सगळ्यांत मेहनतीची पद्धत आहे आणि सगळ्यांत जास्त मासे मारणारीही. बाईचा रविवारही जातो आणि माशाचा जीवही. इतकी वाईट युक्ती इतकी वर्षं टिकली, कारण तिच्यामुळे दुकानात नवा मासा विकला जातो.

आता खरी गोष्ट. ही विद्या आपल्याला कोणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती. ती आपल्या आज्यांकडे होती. पाणी गाळायचं, दुहेरी जाड कापडानं गाळायचं, हे सगळ्यांना आठवतं. पण गाळल्यावर काय करायचं हे किती जणींना आठवतं? गाळण्याचं कापड उलटं करायचं, गाळलेल्याच पाण्यानं ते हलकेच खंगाळायचं आणि ती जीवाणी ज्या विहिरीतलं पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडायची. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत नाही. उंचावरून फेकायची नाही, बादली पाण्यापर्यंत खाली न्यायची. का? कारण जो जीव ज्या पाण्यातला, तो त्याच पाण्यात जगतो. आजी कधी शाळेत गेली नाही, पण जीव आणि त्याचं पाणी ही एकच गोष्ट आहे हे तिला कळत होतं.

आता तोच नियम फिल्टरच्या स्पंजाला लावा. पेटीतलं जे पाणी बदलायला बादलीत काढलं, त्याच पाण्यात स्पंज दोनदा दाबायचा, गाळ सोडायचा आणि परत लावायचा. नळाखाली धरायचा नाही. साबण तर त्या पेटीच्या वाऱ्यालाही नको. संपलं काम. पाच मिनिटं. स्पंजातली वस्ती वाचते, पाणी स्वच्छ राहतं आणि रविवार परत मिळतो. गाळलेल्या पाण्याच्या ४८ मिनिटांचा हिशेब डोक्यात ठेवणाऱ्या बाईला हे अवघड आहे असं मला कोणी सांगू नये. तिला कोणी सांगितलंच नाही, एवढंच.

पाणी किती बदलायचं तेही बघा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी आपल्याकडे सर्रास असते. काठोकाठ भरली तर छप्पन लिटर. आठवड्याला त्यातलं चौथाई बदललं की पुरे, म्हणजे चौदा लिटर, म्हणजे एक बादली. एक! ती बादली आदल्या दिवशी नळाची भरून ठेवायची, तोंड मोकळं ठेवायचं, वर ते आपलं गाळण्याचं पातळ झालेलं जुनं कापड टाकायचं म्हणजे डासांनी अंडी घालायला नकोत. दिवसभरात ब्लिचिंगचा क्लोरीन उडून जातो आणि पाणी खोलीइतकं कोमट होतं. दुकानातली ती 'अँटी-क्लोरीन'ची बाटली बहुतेक वेळा हायपोच असतो, पूर्वी फोटो स्टुडिओवाले वापरायचे तो. घाई असेल तेव्हा उपयोगी, पण रिकामी बादली आणि एक दिवस एवढं ज्याच्याकडे आहे त्याला ती विकत आणायची गरज नाही.

जुनं पाणी मगनं उपसू नका, कंबर जाते. कूलरचं पाणी काढायची जी नळी घरात पडलेली असते ती धुऊन घ्या. पाण्यानं पूर्ण भरा, दोन्ही टोकं बोटांनी बंद, एक टोक पेटीत, दुसरं खाली ठेवलेल्या बादलीत, बोटं सोडा. पाणी आपोआप उतरतं. पेटीतल्या टोकाला नायलॉनच्या जाळीचा तुकडा बांधा म्हणजे लहान मासा ओढला जात नाही. नळीचं टोक वाळूच्या जरा वर फिरवलं की घाण तेवढी जाते, वाळू बसलेली राहते. हे पाणी मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट आहे. मोगऱ्याला, कढीलिंबाला, अंगणातल्या संत्र्याच्या रोपाला घाला आणि दोन महिन्यांनी पानांचा रंग बघा. हीसुद्धा जीवाणीच झाली की.

आणखी एक : मनीप्लँटची फांदी पेटीच्या कडेला अडकवा, मुळं पाण्यात, पानं बाहेर. मुळं नायट्रेट ओढून घेतात, शेवाळ कमी होतं, काच घासायची वेळ लांबते. काचेवर वरच्या पट्ट्यात जो पांढरा क्षार बसतो, ज्या पाण्यात डाळ शिजत नाही त्याच पाण्याचा तो, त्याला पावडरी नकोत. पाणी खाली उतरलेलं असताना लिंबाची साल फिरवायची आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. हिरव्या शेवाळाला जुनं एटीएम कार्ड. आणि दिवसभर निळा दिवा लावून ठेवायचा, मग शेवाळ का येतं म्हणून विचारायचं, हे बंद करा. पेटी खिडकीच्या उन्हात असेल तर आधी तिची जागा बदला. आठ तास दिवा पुष्कळ झाला.

फिल्टर बिघडला, दुकान नागपुरात, तर? अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली, खालच्या भागाला खिळा तापवून भोकं, आत कोरा साधा स्पंज आणि थोडी पेटीतलीच वाळू, मधून हवेच्या पंपाची बारीक नळी. बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजातून ओढतात. माझ्या भाच्यानं अशी बाटली करून दिली, ती अजून चालते. भांडी घासायचा औषध लावलेला स्पंज मात्र नको.

आता माशावर किंमत टाकणाऱ्या युक्त्या. त्यांत पहिला मान त्या काळ्या ठिपक्याठिपक्यांच्या सकर माशाचा. "हा टाका ताई, काच साफ करतो, तुम्हाला हात लावायला नको." सफाईसाठी जीव विकत आणायचा! घरात झाडूवाली ठेवतो तिला पगार देतो, रजा देतो; याला काय देतो? शेवाळ संपलं की उपाशी, कारण सगळ्यांना वाटतं हा घाण खाऊन जगतो. तो घाण खात नाही, उलट त्याची स्वतःची विष्ठा इतकी की पेटी आधीपेक्षा लवकर घाण होते. आणि तो हाताच्या बोटाएवढा राहत नाही, फूटभर आणि त्याहून मोठा होतो. मग काय करतात? पिशवीत घालून नदीवर. "सोडून दिला बिचाऱ्याला, पुण्य लागेल."

इथे मला आपल्या समाजाशी थेट बोलायचं आहे. जीव सोडवणं ही आपली जुनी चाल, खाटकाकडून बकरा सोडवायचा, पारध्याकडून पाखरं सोडवायची. त्या भावनेला माझा हात जोडून नमस्कार. पण दक्षिण अमेरिकेतला सकर मासा कन्हानमध्ये सोडणं हे अभयदान नाही. त्याच्या अंगावर हाडाच्या पट्ट्या असतात, त्याला खाणारं आपल्या नदीत फारसं कोणी नाही, तो काठात बिळं करतो आणि इथल्या माशांचं खाणं खातो. उजनीच्या धरणात, आंध्र-केरळच्या पाण्यात, थेट वाराणसीजवळ गंगेतही हे मासे सापडले आहेत. आकाशातून पडले नाहीत ते; कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीतून गेले. कोळ्यांची जाळी फाडतात. एक जीव सोडला म्हणून हजार जिवांच्या घरात घुसखोर घातला, तर त्याचा हिशेब कोणत्या खात्यावर? आणि गोल्डफिश सोडला तर तो बहुधा स्वतःच मरतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या काचेत वाढलेल्या त्या तळपत्या जिवाला लपायचं कुठे हेच कळत नाही.

दुसरी युक्ती काचेच्या गोल भांड्याची. "टँकची कटकट नको, बाऊल घ्या, धुवायला सोपा." धुवायला सोपा, खरंय, भाजीचं पातेलंही धुवायला सोपं असतं. त्यात पाणी तीन लिटर, फिल्टर नाही, वरचं तोंड निमुळतं म्हणून हवा लागणारा पृष्ठभाग कमी. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशाला साडेसात. आमच्याकडे मे महिन्यात भांडं किती तापतं हे वेगळं सांगायला नको. इटलीत रोम शहरानं २००५ मध्ये गोल्डफिशला गोल भांड्यात ठेवायला मनाई केली. जिथे मासा रोज ताटात असतो त्या देशातलं शहर हे! आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारनं शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले, व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि ते मागे घेतले गेले. ठीक आहे, सरकारचं सरकार जाणे. पण आपल्याला अहिंसेसाठी राजपत्राची वाट कधीपासून पाहावी लागायला लागली?

गोल्डफिश म्हणजे आठ दिवसांचं खेळणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी : इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला एक गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला, त्रेचाळीस वर्षं. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं हा काही चमत्कार नाही. वीतभर वाढतो. छप्पन लिटरमध्ये फेंगशुईचे नऊ घातले तर एकेकाच्या वाट्याला सहा लिटर येतात. आपल्या धर्मशाळेत एका खोलीत नऊ माणसं उतरवली तर आपण किती बोलतो व्यवस्थापकाला!

तिसरी गोष्ट दाण्याची, आणि ही मला सगळ्यांत जास्त टोचते. त्या रंगीत डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं कोणी वाचलं आहे का? बहुतेक माशांच्या दाण्यात पहिलंच नाव फिश मीलचं असतं, म्हणजे सुकवून दळलेले मासे. पुढे कोळंबीची भुकटी. ज्या घरात मुलांच्या बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका दोनदा तपासला जातो, त्या घरात हा डबा कपाटात असतो आणि रोज सकाळी पूजेच्या आधी त्यातली चिमूट पाण्यात पडते. गोल्डफिश, मॉली, गप्पी हे सगळं खाणारे. उकडून सोललेला वाटाणा, वाफवलेला पालक, मऊ काकडी त्यांना चालते, आवडते, आणि वनस्पतींपासून केलेला दाणाही शोधला तर मिळतो. मात्र डब्यावर हिरवं चित्र आहे म्हणून फसू नका, मागची यादी वाचा. पण फायटर मासा, तो लांब झालरीच्या परांचा, तो मांसाहारी आहे. त्याला पालकावर ठेवलं तर तो झुरतो. मग माझं म्हणणं सरळ आहे : फायटर आपल्या घरात असूच नये. त्याला उपाशी ठेवायचं पाप किंवा त्याच्यासाठी किडे विकत आणायचं पाप, यांतलं एक निवडावं लागणार असेल तर तो आणायचाच कशाला?

खाऊ घालणं हीसुद्धा दयेची गोष्ट नसते दर वेळी. दोन मिनिटांत संपेल एवढंच द्यायचं, उरलं ते विष होतं. दोन-तीन दिवस मुक्तागिरीला जायचं असेल तर शेजारणीला चावी देऊन "दाणा टाकत जा" सांगू नका. ती प्रेमानं मूठ टाकेल. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर न खाता राहू शकतात, भरलेल्या पेटीत ते शेवाळ टोचत बसतात. कोणी म्हणेल, अन्नपाणी तोडणं हा अहिंसाव्रताचा अतिचार आहे. आहेच. पण तो रागानं, लोभानं, हलगर्जीपणानं तोडण्याचा आहे. माशाच्या पोटाला एक दिवस विसावा देणं हे तोडणं नाही. दशलक्षणात आपणही पोटाला विसावा देतो, कोणी आपल्यावर अतिचार करत नाही.

अतिचारांचा विषय निघालाच आहे तर जुन्या पिढीचं म्हणणं टाळून चालणार नाही. ते म्हणतात, पाचांतला पहिला अतिचारच बंध आहे, जिवाला बांधून, कोंडून ठेवणं. मग तू स्पंज आणि नळीच्या गोष्टी काय सांगतेस? पेटीच बाहेर काढ. मासा पंचेंद्रिय जीव आहे, त्याला काचेत कोंडून ठेवायचं आणि नीट कोंडायच्या युक्त्या सांगायच्या, हे कसलं शास्त्र?

हे म्हणणं खरं आहे, अर्ध्यापर्यंत. नवा मासा आणू नये, नवी पेटी घेऊ नये, या बाजूला मी उभी आहे, आणि ज्यांना पाहण्याची हौस आहे त्यांनी मुलांना एखादं मत्स्यालय दाखवावं असंही मी सुचवणार नाही. तिथेही काचच आहे. पण जे मासे आज बोरगावात, सौंसरात, पांढुर्ण्यात आपल्या बैठकींत आहेत त्यांचं काय? त्यांना बाहेर काढणार म्हणजे कुठे काढणार? नदीत सोडणं काय आहे ते वर लिहिलं. दुकानदार परत घेईल आणि दुसऱ्याच्या गोल भांड्यात विकेल. म्हणजे हात आपले स्वच्छ आणि जीव तसाच कोंडलेला. ज्याला घरात आणला त्याचा बंध आपणच घातला आहे. तो सोडवता येत नसेल तर निदान तो गळ्याशी आवळणार नाही एवढं पाहणं आपल्याकडे आलं. दहा वर्षं जगेल तर दहा वर्षं. पेटी बाहेर काढा म्हणणाऱ्या काकाजींनी आजवर तिची एक बादली उचललेली मी पाहिलेली नाही, हेही जाता जाता.

आणि दुसऱ्या टोकाला नवी पिढी : "मासाच तर आहे ना मम्मी, त्याला काय कळते?" ट्राउट माशाच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे ज्ञानतंतू असतात हे २००३ मध्ये लिन स्नेडन या ब्रिटिश संशोधिकेनं दाखवलं. तीन सेकंदांची स्मृती ही तर निव्वळ थाप. तुमचाच मासा दाणा देणाऱ्याची चाहूल ओळखून वर येतो. पण मला वाईट वाटतं ते याचं की आपल्या मुलाला हे ब्रिटनहून कळावं लागतं. इंद्रियांची गणती आपण त्याला पाचव्या वर्षी पाठ करून घेतली होती ना?

तेव्हा घरात वाटणी करा. पेटी ज्यानं आणली, पाण्याची बादली त्यानं उचलायची. दाणा लेकरानं, मोजून. स्पंज खंगाळणं आठवड्याला बाईनं केलं तर ती घरावर मेहरबानी. गुड नाइट, अगरबत्ती, डासांचा फवारा त्या खोलीत बंद, कारण हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात घालतो आणि डासाच्या औषधातली ती पायरेथ्रॉइडं माशाला डासापेक्षा कमी घातक नाहीत. मासा आजारी दिसला तर हळद, कापूर, घरातलं उरलेलं कॅप्सूल काही टाकू नका; आधी एक बादली पाणी बदला आणि दाणा बंद करा, निम्मे आजार तिथेच ओसरतात. मेला तर दुसरा आणू नका. असे एकेक करत पेटी रिकामी होऊ द्या. मग तिच्यात माती घालून फर्न लावता येतं, त्याला पाणी पंधरा दिवसांनी लागतं आणि याहून सोपी देखभाल मी तरी पाहिलेली नाही.

राहिला प्रश्न भेटींचा. मागच्या वर्षी एका वाढदिवसात लहान मुलांना परतीची भेट म्हणून पॉलिथिनच्या पिशवीत एकेक सोनेरी मासा वाटला गेला. तीस मुलं, तीस पिशव्या, बाहेर एप्रिलचं ऊन. आईबाप आपलेच, पंगतीत कांदा-लसूण नव्हता, सूर्यास्ताआधी जेवणं उरकली होती. पिशवी हातात घेऊन उड्या मारत जाणाऱ्या लेकरांना मी काय बोलणार? पण महिला मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय मी घेणार आहे, लेखी, ठरावासह : आपल्या कुठल्याही घरच्या समारंभात जिवंत प्राणी भेट म्हणून द्यायचा नाही. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी यावं आणि समोर बोलावं. चहा माझ्याकडे.

आणि या मे महिन्यात लाईट गेली की, जी जाणारच, पंप बंद पडेल. तेव्हा पेटीतलंच पाणी ग्लासनं घेऊन वीतभर उंचावरून परत पेटीत ओतत राहा, दर दहा मिनिटांनी पाच-सात ग्लास. पेटीच्या बाहेर चहूबाजूंनी ओलं फडकं गुंडाळा. बर्फ टाकू नका.